पोल नंबर एकेचाळीस

मी दिवाबत्ती खात्यातला वायरमन.
तारा म्हणजे माझ्यासाठी तांब्याच्या, नाहीतर ॲल्युमिनियमच्या.
दुसरा तारा दाखवला तो हरेश्वर नाखवांनी,
चेंदणी कोळीवाड्यात, त्यांच्या गच्चीवर,
वाळत घातलेले बोंबील एका बाजूला सारून.

बाप खाडीत जाळी टाकणारा,
उधाण-भांगाचा हिशेब बोटांवर करणारा.
हे कॉलेजात फिजिक्स शिकवायचे
आणि रात्री एकाच ताऱ्याच्या मागे:
तिमिंगलातला, अकरा महिन्यांनी फुलतो,
मग असा विझतो की तिथे काही होतं
हे शपथेवर सांगावं लागतं.
"कोळ्याच्या पोराला देवमासाच मिळायचा," म्हणायचे,
आणि एकटेच हसायचे.

खाडीत भराव पडायला लागला तेव्हा
वाड्याने त्यांना निवडणुकीला उभं केलं.
चिन्ह मागितलं दुर्बीण. यादीत नव्हती.
मिळाला कंदील.
एकशे अठरा मतांनी आले.

पहिला अर्ज पारूबाई तांडेलांचा, अंगठा उठवलेला:
संडासाच्या वाटेवर काळोख,
सुनेला पहाटे घोणस दिसली,
बत्ती पाहिजे.
सरांनी नकाशावर पेन्सिलीने फुली मारली.
फुली त्यांच्याच गच्चीच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला,
पंधरा पावलांवर,
नेमका जिथून देवमासा वर येतो.
मी म्हटलं, सर, वळणापलीकडे सरकवू का?
कागदावर कुणाला कळतंय.
ते म्हणाले, "साप वळणाअलीकडे आहे."

सोडियमचा दिवा, पिवळाजर्द.
पेटवला त्या संध्याकाळी पारूबाईंनी नारळ फोडला.
सरांनी खोबरं खाल्लं,
वर बघितलं नाही.

पाच वर्षांत असे दोनशे सहा पोल,
सगळ्यांखाली त्यांची सही.
रात्री गच्चीवर आलेला माणूस
दुर्बिणीला कोपर टेकून
पाणीपट्टीचं गाऱ्हाणं सांगायचा.
ते ऐकायचे. लिहून घ्यायचे.
दुर्बीण पुन्हा पहिल्यापासून लावायचे.

मग ती नोव्हेंबरातली रात्र.
फीडर ट्रिप झाला,
कोपरीपासून कळव्याच्या पुलापर्यंत सगळं काळं.
मी शिडी घेऊन निघालो तर जिन्यात सर, अनवाणी,
हातात बॅटरी, काचेवर लाल जिलेटिन.
खाली फोन वाजत होता, वाजतच होता.
"किती वेळ लागेल?"
म्हटलं, दहा मिनिटं.
ते काही बोलले नाहीत.
जिना अडवून नुसते उभे राहिले.

मी चाळीस मिनिटं लावली.

त्या चाळिसात पारूबाई वाटेवर पडल्या. खुबा मोडला.

कुणाला कळलं नसतं.
सर्वसाधारण सभेत तेच उठले:
"चाळीसपैकी तीस मिनिटं माझी. इतिवृत्तात घ्या."
सभागृह आधी गप्प, मग खसखस,
मग पुढच्या निवडणुकीत भिंतीभिंतीवर चुन्याने:
आकाश बघणाऱ्याला गटार दिसत नाही.
त्रेसष्ट मतांनी पडले.
पारूबाईंना खुर्चीत घालून केंद्रावर नेलं होतं;
कंदिलावरच शिक्का मारला, असं त्या सांगत.
माझं नाव सरांनी कुठे घेतलं नाही.
मीही नाही.

परवा त्यांची मुलगी वह्या घेऊन घरी आली, खारेगावला.
रकाने आखलेले: तारीख, वेळ, तारा, तेज, शेरा.
एका पानावर शेरा:
"क्र. ४१ चालू. तिमिंगल दिसत नाही. वाट दिसते."
आणि त्या नोव्हेंबरच्या पानावर
तारीख आहे, वेळ आहे,
ताऱ्याचं नाव आहे,
तेजाचा रकाना कोरा,
शेऱ्यात फक्त: "पारूबाई. उजवा खुबा."

दिसला नाही, की दिसून लिहिला नाही?
मुलीने विचारलं.
तुम्ही तिथेच होतात ना, काका?

म्हटलं, मी शिडीच्या पायथ्याशी होतो गं.
बिडी ओढत.