पाचवा 'का'

सातपूरच्या कारखान्यात मी बेअरिंगं तपासते.
दोन मायक्रॉनचा फरकही बोटांना कळतो,
गेजचा काटा हलायच्या आधी.
म्हणजे, कळायचा.
आता सकाळी बोटं कुणाकडून तरी उसनी आणल्यासारखी.

चार वर्षं झाली सांधेवाताला.
रविवारी रात्री पिवळ्या गोळ्या, सोमवारी तोंड कडू,
हे सगळं अंगवळणी पडलं होतं.
हे दमणं मात्र पडेना.

दमणं मला माहीत होतं.
पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वर टेकलं
की छातीचा भाता व्हायचा
आणि खाली हायवेवर ट्रक काडेपेटीएवढे.
त्या दमण्याला शेवट होता, वारा होता,
उतरल्यावर उसाचा रस होता.
हे वेगळं.
हे म्हणजे वेणी घालता घालता कंगवा खाली ठेवणं
आणि उरलेल्या अर्ध्या डोक्याकडे
आरशात बघत बसणं.

कागदावर सांधे बरे होते.
'आजार आटोक्यात आहे,' कॉलेज रोडचे डॉक्टर म्हणाले,
'यात थकवा असतोच.'
हिमोग्लोबिन नऊ.
'तेही असतंच जरा कमी.'
सासूबाईंनी बीट किसलं. नणंदेनं मीठमोहऱ्या उतरवल्या.
मी तो 'असतंच' उशाशी घेतला
आणि वर्षभर त्यावर डोकं टेकून
नुसती पडून राहिले.

कारखान्यात कुणी 'असतंच' लिहिलं
तर बच्छावसाहेब फॉर्म फाडतात.
माल परत आला की विचारायचं, का?
उत्तर मिळालं की पुन्हा, का?
असं पाच वेळा.
पाचव्याला बहुतेक एखादं माणूस सापडतं,
मान खाली घालून उभं असलेलं.

द्वारकेजवळ डॉक्टर तबस्सुम कोकणी.
त्यांनी सांध्यांना हातच लावला नाही.
पापणी खाली ओढून बघितली आणि विचारलं,
'शौचाला रंग कसा होतो?'
चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
काळा, मी म्हटलं. मला वाटायचं, बीट.
'दुखण्याच्या गोळ्या किती घेता?'
सांगितल्यात तेवढ्याच.
त्या काही बोलल्या नाहीत.
पेन टोपणात घालून थांबल्या.
बाहेर रिक्षावाले भांडत होते, ते ऐकू आलं.
मग मी खरा आकडा सांगितला.

दुर्बिणीत दिसला मसुराएवढा व्रण.
त्या रात्री लाइटबिलाच्या मागे मी रकाने आखले.
दमते का? रक्तात लोह नाही.
लोह का नाही? पोटातून रक्त झिरपतंय, गुपचूप.
का? रिकाम्या पोटी गोळ्या,
पहिल्या पाळीला दोन, जेवणाच्या सुट्टीत एक.
गोळ्या का? गेज हातातून सुटू नये म्हणून.
पाचवा का :
कारण दुखतं म्हणणाऱ्या बाईला
पॅकिंगच्या टेबलावर बसवतात, स्टिकर चिकटवायला.
तिथून परत आलेली मी कुणी पाहिली नाही.

तर मान खाली घालून उभी होते ती मीच.
पण फॉर्मवर पाचच रकाने असतात.
सहावा मी स्वतः आखला,
त्यात बच्छावसाहेबांचं नाव घातलं,
खोडलं,
पुन्हा घातलं.
अजून दाखवला नाही.

लोहाच्या सलाईनला मन्याडच्या मातीसारखा रंग असतो.
तीन बाटल्या गेल्या.
पौषात एका सकाळी दोन्ही वेण्या घातल्या
आणि मग लक्षात आलं, घातल्या.
लेक म्हणाली, 'आई, भांग वाकडा आहे.'
असू दे म्हटलं.

सगळंच गेलं असं नाही.
काही सोमवार अजून अंगावर ओल्या गोधडीसारखे पडतात.
रिपोर्ट चांगला, पोट चांगलं, झोपही झालेली,
आणि तरी.
कोकणी डॉक्टर म्हणतात, 'हा मात्र त्या आजाराचाच दिसतो. बघू.'
'बघू' मला चालतं.
त्या रकान्यात मी काही लिहिलेलं नाही.
तारीख तेवढी टाकते.