शेवटचा थांबा

व्रॉत्स्वाफमध्ये अकरा वर्षं ट्रॅम चालवते ग्राझिना.
एकदाही उशीर नाही.

पहाटे चार-दहाला डेपोत
नवं वेळापत्रक चिकटवलेलं:
शेवटच्या थांब्यावर
सातऐवजी चार मिनिटं.
वाचता वाचताच पोटात गोळा.

डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट स्वच्छ आहेत,
काही नाही.
ते काही नाही घेऊन ती
पुलावरून वळते, घंटा वाजवते.
कुठला बेकरीवाला संडासाची किल्ली देतो,
कुठला तोंड वाकडं करतो,
थांब्यांच्या नावांसारखं पाठ.

जुलैत तळ्याकाठी, बहिणीकडे,
आंबट कोबी दोनदा वाढून घेतला.
आठवडाभर पोट गप्प.

परतली त्या रविवारी
गणवेशाला इस्त्री करायला घेतली.
एक बाही झाली होती.
इस्त्री तशीच तापत ठेवून
उठली.