एक तार कमी

राजारामपुरीतल्या दुकानात
दिवसाला मी दोनशे शर्ट उलगडते
आणि एकशे नव्वद परत घडी घालते.
टाचणी कॉलरखाली, पुठ्ठा पाठीला,
गळ्याच्या बटणाशी प्लास्टिकचं फुलपाखरू.
गिऱ्हाईक म्हणतं, दोनशे नव्व्याण्णव? मग दोन द्या.
एक लागतोय, एक असू दे घरात.

बुधवारी आकाशी चौकटीच्या एका शर्टात
खिशाच्या कडेने खाली गेलेली फट दिसली,
केसाएवढी.
दुसऱ्या कुणाला दिसली नसती.
मी वहिफणीवाल्याची पोर.

इचलकरंजीत, बीमासमोर पाटावर
आमचे अण्णा बसायचे, हातात हूक,
चार हजार दोनशे तारा,
एकेक वहीच्या डोळ्यातून, मग फणीच्या दातातून.
पलीकडून तार द्यायला मी, शाळा सुटल्यावर.
"तार."
"घ्या."
"तार."
"घ्या."
कितीतरी वर्षं आमच्यात एवढंच बोलणं झालं
आणि ते पुरलं.
एक तार चुकली की ताग्याच्या टोकापर्यंत चुकतच जाते.
घडीवाला तिच्यावर बोट ठेवतो,
शेठ मजुरीवर.

आता अण्णांचे डोळे गेलेत.
मोतीबिंदू न्हवं, डॉक्टर म्हणाले,
नुसते वापरून संपलेत.
आई कांडी भरायची. चाळिशीत केस पांढरे दिसायचे,
घरी येऊन झटकले की काळे व्हायचे.
पुढं झटकूनही होईनात
तेव्हा तिला बरेच दिवस कळलंच नाही.

पाटावर आता ओडिशाचा बैकुंठ बसतो.
अण्णांनीच शिकवलं त्याला.
दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती,
हूकाला येत होती.
पलीकडून तार द्यायला त्याची मुलगी नाही,
ती तिकडं, फोनच्या काचेत, दात पडलेली.

एका शर्टाला पाणी किती लागतं,
कुठंतरी छापून आलं होतं, आकडा विसरले.
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी.
रंगाच्या कारखान्याला टँकर रात्री दोनला,
कोपऱ्यावर गिअर बदलतो
आणि आई झोपेतच कूस.
पंचगंगेच्या खालच्या अंगाला मामाचं गाव.
मामाची म्हैस काठाशी जाते, हुंगते,
मान फिरवून परत येते.
मामा म्हणतो, तपासणीचा अहवाल आला बघ,
सही-शिक्क्यासकट.

शर्ट मी विकत आणला. मालक हसला,
खोट असलेला कशाला? दुसरा घे की.
म्हटलं, हाच पाहिजे.

घरी अण्णांच्या मांडीवर ठेवला.
त्यांनी पाहिला नाही, चाचपला,
खिशापाशी बोट थांबलं.
"रातपाळीतली हाय," म्हणाले,
"तीनच्या पुढची. त्या येळंला तार दिसत न्हाई,
दिसल्यागत वाटती."
मग जरा वेळानं,
"एवढं शंभर-शंभर मीटर कापड गेलं,
मधी कुणी हात फिरवला न्हाई व्हय?"
दोनशे नव्व्याण्णवात कोण हात फिरवणार अण्णा,
असं मी म्हणाले नाही.
"बैकुंठची असंल तर त्याला सांगू नगंस," ते म्हणाले.
आणि तिथंच बसल्या बसल्या
शर्ट अंगात घातला, न धुता,
पुठ्ठ्याची घडी छातीवर तशीच.

संध्याकाळपर्यंत उकाड्यानं
मानेला आकाशी वळ उतरला.
आईनं पदर ओला करून पुसून बघितला,
निघेना.
"असू दे," म्हणाली,
"पाणी परवा येतंय."