हलक्याला पाच, जडाला चार

माझगावच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले
तेव्हा काम एवढंच होतं: दुसऱ्यांच्या रेघा गिरवायच्या.
निळसर कापडावर आधी खडूची भुकटी चोळायची,
मग शाई धरते.
तिसऱ्या वर्षी कुटिन्होसाहेबांचा मोतीबिंदू पिकला
आणि त्रिकोण माझ्याकडे आले.

जहाज एकच, काम दोन तऱ्हांचं.
रोजची हरभऱ्याची पोती, चहाच्या पेट्या,
आणि वर्षाकाठी एखादं
साठ टनांचं रेल्वे इंजिन.
एका डोलकाठीला हे दोन्ही कसं समजवायचं?

त्रिकोण तसा सोपा होता.
उभी डोलकाठी, तिरकी बूम,
तिसरी बाजू वरून धरून ठेवणारी तार.
बूम कितीही झुकवा, तिच्या अंगातला दाब तेवढाच राहतो;
वाढतो तो ताण, धरून ठेवणारीचा.
तीनदा आकडेमोड केली. तेवढाच राहत होता.
त्या संध्याकाळी घरी जाताना
आईसाठी भायखळ्याहून चिकू घेतले, काही कारण नसताना.

जडासाठी एकच जाड बूम,
डोलकाठीला उभी बांधून ठेवलेली,
माळ्यावरच्या लग्नाच्या तपेल्यासारखी वर्षभर निवांत.
हलक्यासाठी दोन बारीक, जोडीनं:
एक फाळक्यावर, एक धक्क्यावर,
दोघींच्या तारा एका आकड्यात.
दोघींनी धरलं की ओझं अर्धं, असं मी धरून चालले होते.
कुटिन्होंनी कागदावर बोट ठेवलं,
दिसत नसूनही नेमक्या जागी.
तारांमधला कोन एकशे वीस झाला
की प्रत्येकीवर अख्खं ओझं.
त्यापुढे अख्ख्याहूनही जास्त.
"फार वर ओढू देऊ नकोस त्यांना," म्हणाले,
आणि चष्मा पुसत बसले. उपयोग नव्हता, तरी.

मग सुरक्षेचा आकडा.
नियमात होतं: हलक्या ओझ्याला पाचपट, जडाला चारपट.
मला वाटलं, छापताना उलटं झालं.

उलटं नव्हतं, ते कळलं व्हिक्टोरिया गोदीत, चाचणीच्या दिवशी.
विंचवर अब्बास सारंग, मुरूडचे,
उजव्या हाताला तीनच बोटं.
इंजिनाखाली गेली का, मी विचारलं.
"इंजिन उचलतो ना बाई, तेव्हा अख्खी गोदी श्वास धरते.
मुकादम ओरडत नाही, नुसता हात हलवतो.
कावळा बसत नाही तारेवर.
ही गेली चहाच्या पेटीखाली.
जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची पेटी.
हलकं उचलताना बघतंय कोण?"

परत येऊन पाच लिहिला.
पाचाच्या पोटात शाई जरा जास्त उतरली.
खरवडली नाही.

एकतीस वर्षांनी दारूखान्यात
तेच जहाज, नाकापासून अर्धं कापलेलं.
चिखलात बुमा पडलेल्या, जाड आणि बारीक, शेजारी शेजारी.
गफूरभाईंना भाव विचारला.
एकच. किलोवर.

जाड बूमच्या टाचेला माझ्या वेळचा राखाडी रंग
अजून चिकटून होता.
बारीक जोडीची कडी मात्र झिजून
अंड्यासारखी लांबट झालेली.
पदरानं गंज पुसला तर ठोकलेला आकडा दिसला: तीन टन.
पाच कुठेच नव्हता.
तो लोखंडावर ठोकत नाहीत.

"मावशी, बाजूला व्हा," कटरवाला पोरगा म्हणाला.
मोठा तुकडा खाली येताना
त्यानं सगळ्यांना हाकललं, दोनदा वर पाहिलं,
दोर पुन्हा आवळून घेतला.
मग छोट्याकडे वळला
आणि हातमोजे काढून
खिशात कोंबले.