सत्त्याण्णव किलोमीटर

दर नोव्हेंबरात, द्राक्षवेली पिवळ्या पडल्या की
मी मोन्फेर्रातोच्या त्या चढावर जातो,
क्लेलियाबाईंच्या कोठारात.
सहा स्पार्क प्लग काढतो,
प्रत्येक भोकात चमचाभर तेल,
आणि इंजिन हातानं फिरवतो, दोनच फेरे,
अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलावी तसे.
मग पुन्हा चादर.

त्यांच्या काकानं, सेकोंदोनं, सत्तावन्न साली
ही करडी लान्चा तोरीनोहून आणली.
वाट वाकडी करून
एका मुलीच्या दारावरून दोनदा नेली म्हणे.
ती खिडकीत आली नाही.
किंवा आली, आणि हसली.
गावात दोन्ही सांगतात.
गाडी कोठारात गेली ती गेलीच.
मीटरवर सत्त्याण्णव,
सीटांवर अजून कारखान्याचा कागद.

बाझेलहून एक गृहस्थ आले, पांढरे हातमोजे घालून.
म्हणाले, धूळसुद्धा पुसू नका, धुळीलाही किंमत आहे.
मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू,
माझंही मत तेच होतं:
रंग पुन्हा देता येतो,
पहिला रंग पुन्हा देता येत नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण माझ्या हातांना दुसरंही ठाऊक होतं.
न वापरता रबर चिरतं.
टाकीतलं पेट्रोल लाखेसारखं घट्ट होतं.
चारही टायर
एकाच जागी बसून बसून चपटे झाले होते.
हे मी बाझेलला कळवलं नाही.

बाई तीस वर्षं शाळेची बस चालवायच्या.
गेल्या वर्षी मी प्लग काढायला वाकलो, तर म्हणाल्या,
"एवाझियो, आज परत लावशील ते चालू करण्यासाठी लाव."
मी ब्रेकचं कारण काढलं. विम्याचं काढलं.
धुक्याचं काढलं; धुकं खरंच होतं.
"मला एकाहत्तरावं चालू आहे," त्या म्हणाल्या,
"आणि मीसुद्धा मूळ रंगातच आहे."

चार महिने लागले.
होसेस, सील, पंप. काढलेला प्रत्येक भाग
मी चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला,
कुणाला परत द्यायचाय अशा थाटात.
मार्चमध्ये ती खोकली, धूर ओकली, आणि मग
आवाज लागला. मी बाहेर जाऊन
उगाच हात धुतले.

बाईंनी कागद फाडला नाही,
घडी घालून मागं ठेवला. गिअर टाकला
तो बसचा टाकावा तसा, जोर लावून;
माझ्या दातांतून कळ गेली.
हेझलनटच्या बागेपाशी एक फांदी
दारावर घासली, वीतभर.
त्यांनी आरशातही पाहिलं नाही.
त्या घरापाशी मात्र वेग कमी केला.
खिडकीत आता कोण राहतं,
मी विचारलं नाही.

या नोव्हेंबरात सवयीनं गेलो.
मीटरवर दोन हजार एकशे सहा.
इंजिन हातानं फिरवायचं कारण उरलेलं नाही,
तरी प्लगचा पाना खिशात होता.
सीटखाली हेझलनटचं एक टरफल सापडलं.
उचललं. बराच वेळ हातात धरून उभा राहिलो.
चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचं
की होतं तिथंच ठेवायचं,
ठरेना.