दोरीची वाट

सिव्हिल लाइन्समधला बंगला
डॉक्टर टेंभुर्णेंनी घेतला तेव्हा
त्यात ऐंशी सालची प्लायवूडची छतं होती,
तीन रंगांचा सनमायका,
आणि एका खोलीत नुसत्याच खुर्च्या.
'मला रिकामं हवंय,' त्या म्हणाल्या.
दाताच्या डॉक्टर. दिवसभर लोकांची भरलेली तोंडं बघतात.

मी होकार दिला. मी 'कमी' विकते,
चौरस फुटावर.

छत उतरवलं. वर सागाच्या तुळया,
झरोक्यांतून चुन्यावर सांडलेला उजेड,
आणि एका रांगेत चार लोखंडी कड्या.
नकाशात लिहिलं : तुळया ठेवा, कड्या काढा,
भिंती पांढऱ्या, दिवे लपलेले.

मग पश्चिमेच्या भिंतीत
माझा हात पोचणार नाही अशा उंचीवर
एक भोक निघालं. दोन बोटं जातील एवढं.
वरची कड खरखरीत,
खालची गुळगुळीत, विहिरीच्या काठासारखी खाचलेली.

बारापात्रे मिस्त्री शिडीवर, थापीवर पुट्टी तयार.
'हे त पंख्याच्या दोरीचं भोक व्हय मॅडम.
पंखा अंदर. ओढनारा बाहेर, व्हरांड्यात.'

मे महिना. शेहेचाळीस डिग्री.
जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ओळंब्याचा दोरा
भोकातून ओवला, बाहेर आडवे झाले,
दोरा पायाच्या अंगठ्याला बांधला.
आत पोरांनी कडीला वर्तमानपत्र लटकवलं होतं.
ते हललं. पोरं हसली.
मी दारात उभी, एक पाय आत,
एक उन्हाच्या झळीत.
पाचेक मिनिटांनी कुणी हसेना.
अंगठा हलतच होता.
'बंद करा ना काका,' प्रज्वल म्हणाला.
'काहून? हवा येऊन नाही राह्यली काय?'

संध्याकाळी डॉक्टर शिडीवर चढल्या,
भोकात बोट घातलं, सवयीनं, कडेकडेनं.
'अशी झीज मी रोज भरते.
ही राहू द्या.'

दुसऱ्या दिवशी एसीवाला आला आणि खूश झाला.
भोक तयारच! पाइप इथूनच काढू, ड्रिलिंग वाचलं.
आणि बाहेरचं युनिट?
'व्हरांड्यात. बरोब्बर याच्या खाली.'

नाही म्हटलं. फूटभर बाजूला नवं पाडलं,
यंत्रानं, स्वच्छ गोल.
कड्याही ठेवल्या. त्यांना काही टांगलं नाही.
फोटो सुरेख आले : पांढरं, पांढरं, सागाची ओळ,
आणि उंचावर एक काळा ठिपका,
जो मोबाइलच्या काचेवरचा डाग समजून
लोक अंगठ्यानं पुसतात.

युनिट मात्र व्हरांड्यातच बसलं. दुसरीकडे जागा नव्हती.

शेवटच्या दिवशी मी म्हटलं, आत बसा जेवायला, गार आहे.
'पाय मळके हायेत,' बारापात्रे म्हणाले.
बाहेर डबा उघडला, तोंडावर गरम वारा आला,
तसा दुपट्टा उचलला
आणि दोन हात सरकून
खांबाला टेकून
जेवले.