पान सतरा ते चोवीस

लक्ष्मीपुरीत मुजावरच्या रद्दीत
किलोच्या भावानं मिळाली ती मला.
हॅरिएट लुंडग्रेन. जन्म नेब्रास्का.
बाप धान्याची कोठारं रंगवायचा.
मीही बोर्डच रंगवतो, म्हणून घेतली.
मुजावर म्हणाला, तुला इंग्रजी कुठलं कळतंय?
म्हटलं, रंग कळतोय की.

मग दोन वर्षं, दुकानाचं शटर ओढल्यावर,
डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचत राहिलो तिला
एका रात्री एक परिच्छेद,
ट्रकच्या नंबरप्लेटी जास्त आल्या तर अर्धाच.
सोळाव्या वर्षी घर सोडलं.
शिकागोत भिंतीवर चिकटवायच्या कागदाचा कारखाना,
तिथं नऊ वर्षं एकच गुलाब काढला.
मग गुलाबातली पाकळी काढून टाकली,
देठ काढला, काटा काढला,
उरलेल्या लाल रंगाला नाव दिलं : कोठार, दुपार.
कुणा जाणकारानं लिहिलं, यात कोठार कुठाय?

मी बघितलं त्या चित्राकडे.
पोरं जेवायला गेल्यावर
तालमीच्या हौद्यात माती पडून असते ना,
ताक प्यालेली, हळद प्यालेली,
कुणाची तरी पाठ अजून उमटलेली,
तो लाल.
कोठार आत असणारच.

सोळावं पान संपतं आणि एकदम पंचविसावं.
सोळाव्यावर ती फलाटावर, हातात पत्र्याची पेटी.
पंचविसाव्यावर केस पांढरे,
आणि एका माणसाचं नाव, आधी कुठंच नसलेलं,
त्याच्यामागं थेट 'दिवंगत'.

मुजावर म्हणाला, ती पानं होय?
जाड कागद, तेल फुटत नाही,
गोंदकरला दिली, रंकाळ्यावर भडंग विकतो त्याला.

म्हणजे तेरा वर्षं तिची
कठड्यावर बसून कुणीतरी खाल्ली.
तिचं लग्न शेंगदाण्यांखाली होतं.
बोटं चाटून, चुरगळून, पाण्यात.

महिनाभर रोज गोंदकरकडं गेलो.
दहावीचा भूगोल निघाला, कुणाची लग्नपत्रिका,
सोसायटीचा अहवाल, नफा-तोटा पत्रक.
एकदा एका कोपऱ्यावर पिवळा.
तिचाच असावा.
का तेल होतं, देव जाणे.
अजून पाकिटात आहे, वास येतो.

पुढचं वाचायला सोपं गेलं.
सत्तावन्नाव्या वर्षी पहिलं प्रदर्शन, दोन चित्रं खपली.
नंतर हात थरथरायला लागला,
तर तिनं कडा थरथरू दिल्या.
पुस्तकात त्याला नवा कालखंड म्हटलंय.
आमच्यात बोर्डवाल्याचा हात थरथरला
की पोरगा ब्रश काढून घेतो.
माझा करंगळीपासून सुरू झालाय.

परवा कारखान्यावर मळीची टाकी रंगवायला घेतली.
लाल द्यायचा, वर पांढऱ्यात नाव, धोका, क्षमता.
लाल देऊन झाला दोन वाजता.
शिडी उतरलो, लांब जाऊन उभा राहिलो.
सुपरवायझर म्हणाला, अक्षरं?
म्हटलं, उद्या. वाळू दे.

त्या दुपारला मी पान सतरा म्हणतो.
नवराही असेल तिचा त्याच पानावर कुठंतरी,
शिडी धरून.

सहाचा भोंगा झाला, पाळी सुटली.
सायकली गेल्या, कुणी वर बघितलं नाही.
एकानं बघितलं. थांबला.
बराच वेळ थांबला.
मग म्हणाला,
मळी गळतीय काय रं वरनं?